तिसऱ्या त्रिकोणावरची मुंगी

मी मुंग्या चिकटवते. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले, सहा वर्षं डीमन नावाच्या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये बसून डच शिकले आणि मग प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.वरची धूळ झटकून एका संग्रहालयाच्या कीटक विभागात वर्षभराच्या करारावर लागले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायका विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस गं?" मी सांगते, त्या हसतात. हसू देत. त्या नोकरीसाठी मी काय केलं ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, ते इथे सांगते.

मुंगी थेट टाचणीने टोचली तर फुटते. म्हणून कागदाचे इवलेसे त्रिकोण कापायचे, टोकावर डिंकाचा ठिपका, त्यावर मुंगी, आणि तो त्रिकोण टाचणीत ओवायचा. एका टाचणीत तीन त्रिकोण, एकाखाली एक. खाली चिठ्ठी: कुठलं जंगल, कुठलं झाड, कधी, कोणी. या कामात एक गोष्ट सगळे धरून चालतात, की एका टाचणीवरच्या तिघी एकाच घरट्यातल्या आहेत. बाकी सगळं शास्त्र त्यावर उभं राहतं.

आमच्या विभागात आफ्रिकेतल्या झाडांवर राहणाऱ्या मुंग्यांचं एक खोकं होतं. लाकूड चघळून त्याच्या लगद्याचं पुठ्ठ्यासारखं घरटं फांदीवर बांधतात त्या. पोट पत्त्यांतल्या बदामासारखं, आणि चिडल्या की ते पाठीवरून उलटं वळवतात. ओळखायला मात्र महाकठीण. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, एकाच घरट्यात काळी निघते नि तपकिरीही. बघायचे ते छातीच्या मागच्या टोकावरचे दोन काटे, लांब की आखूड. कमरेचा पहिला मणी वरून कसा दिसतो. केस उभे की आडवे. पूर्वीच्या लोकांनी एकेक मुंगी बघून नावं ठेवून दिली, त्यामुळे एकाच मुंगीला चार नावं आणि चार मुंग्यांना एकच, असा सावळा गोंधळ आहे.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा बसायचे. निवृत्त शिक्षक, आठवड्यातून दोन दिवस कापेल गावाहून विनामूल्य काम करायला येत. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पण माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाचं नुसतं नाव माझ्या तोंडून काही निघेना. म्हणून मी त्यांना हाकच मारली नाही. काही विचारायचं तर उठून त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे आणि ते मान वर करायचे. डिंकाचा ठिपका किती घ्यायचा हे त्यांनीच शिकवलं. मुंगी टेकली पाहिजे, बुडता कामा नये, म्हणायचे.

एका दुपारी त्या खोक्याच्या तळाशी मला एक सुटी मुंगी सापडली. तिच्या शेजारच्याच टाचणीचा तिसरा त्रिकोण रिकामा होता. सुट्या मुंगीचं काय करायचं याचा नियम आहे: वेगळ्या कुपीत ठेवायची, 'खोक्याच्या तळाशी सापडली' अशी चिठ्ठी घालायची आणि वहीत नोंद करायची. नियम मला पाठ होता. नव्या लोकांसाठी तो इंग्रजीत मीच लिहून काढला होता. पण तो रिकामा त्रिकोण मला बघवेना. आमच्याकडे ताटाची डावी बाजू रिकामी ठेवत नाहीत, चिमूटभर का होईना चटणी वाढतात. हात शिवशिवले. पडली असेल इथूनच, असं म्हणून मी ती तिथे चिकटवली. आणि नियम मोडला हे कळत होतं म्हणून वहीत काही लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी कॅमेरूनहून एक संशोधक आली. माझ्याच वयाची, अगदी कमी बोलणारी. तिचं म्हणणं असं, की लांब काट्यांची आणि आखूड काट्यांची या दोन वेगळ्या जाती आहेत आणि आखूड काट्यांची तिच्या भागातल्या जंगलात उंच झाडांवरच घरटं करते. जुन्या पुस्तकांत दोन्ही एकच धरल्या होत्या. दोन्ही प्रकार एकाच घरट्यात सापडले असते तर तिचं म्हणणं तिथेच संपलं असतं.

चौथ्या दिवशी तिने आम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. टाचणीवर वरच्या दोघी आखूड काट्यांच्या, तिसरी लांब काट्यांची. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मी सहा वर्षं एकाच मुंगीला दोन समजत होते." मी टाचणी ओळखली. मी तिला चहा आणून दिला, एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच शोधून काढलं. वरच्या दोघींखाली जुना पिवळा डिंक होता, तिसरीखाली नवा, पांढरा. तिसरी नंतर कोणीतरी चिकटवली होती. तिच्या दोन जाती शाबूत राहिल्या. ती इतकी हलकी झाली की तिने सगळ्यांसाठी केक आणला.

तो केक खाताना आमच्या विभागप्रमुखबाईंनी विचारलं, हे खोकं कोणी हाताळलं होतं? रागाने नव्हे. इथे चूक मोठ्याने सांगतात, वहीत दुरुस्त करतात आणि कॉफी संपवतात. मला हे माहीत होतं. वही आणली गेली. त्या खोक्यासमोर एकट्या आजोबांचं नाव होतं; त्यांनी पूर्वी त्यातल्या काही टाचण्या नीट केल्या होत्या, आणि मी माझं नाव लिहिलंच नव्हतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"मीच असणार," ते म्हणाले. "मला आठवत नाही."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पुढच्या आठवड्यात माझ्या कराराचा निर्णय होता, हे खरं. पण तेवढंच कारण सांगितलं तर तीही लबाडीच. विभागात मी नीटनेटकी म्हणून नावाजलेली होते, आणि ते कौतुक मला सोडवेना.

महिन्याभराने आजोबा यायचे थांबले. डोळ्यांचा आता भरवसा नाही, म्हणाले. जाताना स्वतःचा बारीक चिमटा मला देऊन गेले. मी तो घेतला. आभारही मानले. ते आठवलं की आजही कान तापतात. मला कायमची नोकरी मिळाली, घरी शिरा केला, सासूबाईंनी पुण्याहून फोन करून कौतुक केलं.

सव्वा वर्षाने कॉफीच्या वेळी विषय निघाला. आजोबांना त्यांची मुलगी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे, स्मरणशक्तीच्या तपासणीला घेऊन गेली होती. तपासणीत ठोस काही निघालं नाही, पण त्यांनी आपणहून सायकल सोडली होती आणि मुलगी त्यांच्यासाठी वृद्धाश्रम बघत होती. ते सगळ्यांना सांगतात, विभागप्रमुखबाई म्हणाल्या, की सुरुवात त्या मुंगीपासून झाली.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्लोटरडाइकच्या ऑफिसातून थकून आला होता. म्हणाला, "आता सांगून काय होणार? उगाच तुझ्या रेकॉर्डवर येईल." चूक त्याची नव्हती. सव्वा वर्ष मी स्वतःला हेच ऐकवत होते. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की हे किती हलकट बोलणं आहे.

फोन करून वेळ घेतली आणि शनिवारी कापेलला गेले. आजोबा वाळले होते. चहा आणि एकेक बिस्किट पुढे ठेवलं आणि समोर बसले. मी वाटेत जुळवलेली वाक्यं विसरले. मुंगी मी चिकटवली, वहीत मी लिहिलं नाही, तुम्ही बोललात तेव्हा मी गप्प बसले, एवढंच माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं. सोमवारी विभागातही सांगणार आहे, असं म्हटलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवून विचारलं, "मग मी विसरलो नव्हतो?"

"नाही. त्या टाचणीला तुम्ही हातही लावला नव्हता."

ते उठले. ड्रॉवरमधून कोरा कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं.

"लिहून द्या. माझी मुलगी आता माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही."

मी लिहिलं. काय केलं, कुठल्या खोक्यात, कुठल्या टाचणीवर. खाली नाव, सही आणि त्या दिवसाची तारीख घातली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"ही आजची तारीख आहे," ते म्हणाले. "मुंगी चिकटवलीत त्या दिवसाचीही लिहा. आठवते का?"

मला आठवत होती. वारासकट.