कोरी कॅसेट

किल्लीकाकांच्या खोक्याएवढ्या दुकानात एक नियम होता. नकलेसाठी आलेली किल्ली गिऱ्हाइकाच्या नजरेआड न्यायची नाही. तो समोर उभा असतानाच कानशीनं दुसरी घासायची आणि दोन्ही एकदम त्याच्या तळहातावर ठेवायच्या. शिवाय नकलेवरून नक्कल काढायची नाही. "एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी काढत गेलं की दात बोथट होतात. किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही," हे ते प्रत्येकाला ऐकवत, समोरचा कितीही घाईत असला तरी. एकदा त्यांच्या हातून एका बाईंची किल्ली मोडली, तर पठ्ठ्यानं घरी जाऊन पदरचं नवं कुलूप बसवून दिलं. असा माणूस आयुष्यात एकदाच आपला नियम मोडून बसला, आणि तोही बायकोच्या बाबतीत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली होती एक कॅसेट. काकांनी कधीतरी एक जुना टेपरेकॉर्डर आणला होता आणि चालतो का बघायला लाल बटण दाबलं होतं. त्यात बायकोचा आवाज टिपला गेला. "अहो, बंद करा ते. बॅटरी काय फुकट येते?" मग भांड्यांची आदळआपट. मग खोकला. "अजून चालूच आहे? आता काय बोलू मी? मला मेलीला काही सुचतच नाही." मग ती हसते, आणि हसता हसता किंचाळते, "गेलं! गेलं दूध!" बस्स, एवढंच. दर रविवारी दुपारी काका खुर्ची ओढून हे ऐकत. इतकी वर्षं ते दूध दर रविवारी उतू जात होतं आणि काका दर रविवारी गालात हसत होते. बाकी जगाला त्या दुधाचं काही सोयरसुतक नव्हतं, काकांचा मात्र सगळा आठवडा त्यावर निघायचा.

फीत झिजली, आवाज थरथरायला लागला. लेक म्हणाली, "बाबा, दुकानात देऊन फोनवर उतरवून घ्या. मग कितीही वेळा ऐका." असं काम करणारं दुकान आसपास एकच होतं. गल्ल्यावरच्या बाईंनी कॅसेट घेतली आणि उद्या यायला सांगितलं.

"मी थांबतो की इथंच," काका म्हणाले.

"मशीन आत असतं, आजोबा. गिऱ्हाइकांना आत सोडत नाही आम्ही."

पावती हातात पडली. काका पायरीवर जरा घुटमळले, मग निघाले. घरी गेल्यावरही त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः बाहेर आले. फीत मशीनमध्ये अडकली होती. कात्रीनं कापून काढावी लागली आणि तुकडे केरात गेले. मालकांनी पावती उलटी करून मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: वस्तू हरवली किंवा खराब झाली तर दुकानाची जबाबदारी एका कोऱ्या कॅसेटपुरती. मग खणातून वेष्टनातली नवी कॅसेट काढून पुढे सरकवली. "हल्ली मिळत नाहीत हो. तुमच्यासाठी मुद्दाम शोधली." वाईट याचंच वाटतं, की ते खोटं बोलत नव्हते. आपण वरून उपकारच करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

काका त्या कॅसेटकडे बघत म्हणाले, "कोऱ्या किल्लीनं कुठलं कुलूप उघडतं हो?"

मालकांना ते कळलं नाही. काका घरी येऊन गप्प बसले, आणि गप्पच बसले असते. पण लेकीच्या नाकावर माशी बसत नसे. तिनं ग्राहक न्यायालयात तक्रार ठोकून दिली.

सुनावणीची खोली साधीच होती. एक लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात टाइप करणाऱ्या बाई. दुकानाचे वकील म्हणाले, पावती घेतली म्हणजे अटी मान्य केल्या, विषय संपला. अध्यक्षबाईंनी पावती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, शेवटी चष्मा बदलला.

"काका, ही अट आधी वाचली असती तर काय केलं असतं?"

"तरी दिलीच असती," काका म्हणाले. लेकीनं कपाळाला हात लावला. "दुसरं दुकानच नाही ना. ही ओळ खोडा म्हटलं असतं, तर त्यांनी कॅसेट परत दिली असती."

"तेच तर," अध्यक्षबाई वकिलांकडे वळून म्हणाल्या. "याला मान्य करणं म्हणत नाहीत."

वकील सहजी हटणारे नव्हते. अट जाऊ द्या, म्हणाले, पण नुकसान किती? कॅसेटमध्ये काय होतं हे कुणाला माहीत? कशावरून ती कोरीच नव्हती?

काका उभे राहिले. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, पण सगळं सांगितलं. बॅटरी, भांडी, खोकला, सगळं. खोकला तर खोकूनही दाखवला. टाइप करणाऱ्या बाईंचा हात मागे पडत होता, म्हणून अध्यक्षबाई मधेच थांबवत, "पुन्हा सांगा, सावकाश." काका पुन्हा सांगत. "मला मेलीला... काही... सुचतच नाही." बाई टकटक करत. मग अध्यक्षबाई शुद्ध करून सांगत, "तक्रारदाराच्या पत्नीने दूध उतू गेल्याचे म्हटले." कुणीही हसलं नाही. वकिलांनीसुद्धा कागद चाळायला घेतले.

निकाल काकांच्या बाजूनं लागला. ती अट एकतर्फी, गिऱ्हाइकावर अन्याय करणारी, म्हणून रद्दबातल. पावत्यांवरून ती ओळ काढायची, काकांना भरपाई द्यायची. लेकीला आभाळ ठेंगणं झालं. तिनं वाचून दाखवलं तसं काका मान डोलावत राहिले. यापुढे त्या दुकानात कुणाच्या पुढ्यात कोरी कॅसेट सरकवली जाणार नव्हती, आणि ही गोष्ट लहान नव्हती. काकांनाही ते कळत होतं.

रविवारी दुपारी त्यांनी खुर्ची ओढली. टेपरेकॉर्डर मुकाच होता, पण कॅसेट गेल्यापासून ते डोळे मिटून बसत आणि बायको आपसूक यायची, आवाजासकट. आज नुसते शब्द आले. "बंद करा ते. बॅटरी काय... फुकट... येते?" टाइप करणाऱ्या बाईंना जमावं म्हणून तुटक तुटक सांगितलेले, त्यांच्याच घोगऱ्या आवाजातले शब्द. काकांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी दात आणखी थोडे बोथट होत होते. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, लेकीला तर मुळीच नाही.

तिचा फोन आला. "बाबा, आता बरं वाटतंय ना?"

"हो गं," काका म्हणाले.

मग ते उठले आणि दूध तापत ठेवलं. ओट्यापाशी उभे राहिले. दूध काठापर्यंत चढलं, फुगलं, तरी त्यांनी हात पुढे केला नाही. कान टवकारून थांबले. दूध उतू गेलं, गॅसवर चरचरलं, घरभर करपट वास पसरला. कुणी काही म्हणालं नाही. काकांनी गॅस बंद केला आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.