घंगाळाची कड
एकटीचं जेवण म्हणजे पाच मिनिटांचं काम. मी आडवी होते तेव्हा दोन वाजलेत. कॉटखाली ह्यांचं शेवटचं घंगाळ आहे, अर्धवट घडलेलं. पाचला माझे चुलतदीर रमाकांत, आळीत भट्टी चालवणारे, येऊन ते मोडीत घालायला नेणार आहेत. डोळे मिटतात. तांबट आळीत कुणीतरी तांबं ठोकतंय, ते ठोके कानात येत राहतात.

ठोके थांबतात. मी वर्गात उभी आहे, तीस वर्षं जिथे शिकवलं त्याच नववीच्या. बाकांवर मुलांऐवजी पालथे हंडे बसलेत. शेवटच्या बाकावर हे, काजळी लागलेल्या बनियनवर. जाऊन आठ महिने झाले, दाढी अजून केलेली नाही.

"बाई, एक शंका." सातवी नापास माणूस, घरातही मला असंच चिडवायचा. "मीठ ठोकलं की भुगा, तांबं ठोकलं की घंगाळ. असं का?"

"अहो, मिठात धन कणाशेजारी ऋण कण, सगळं ठरल्या जागी. जागा हलली की धनासमोर धन येतं, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. तांब्याचे अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांत सोडून देतात. ते कुणा एकाचे राहत नाहीत. म्हणून थर घसरले तरी बंध तुटत नाही."

"मग माझं घंगाळ का चिरलं?"

खडू हातातून सुटतो आणि भट्टीच्या राखेत पडतो. आम्ही ह्यांच्या, आता बंद पडलेल्या, कारखान्यात आहोत.

चिरलं ते माझ्यामुळे. हे गेल्यावर घर इतकं गप्प झालं की नुसत्या आवाजासाठी मी हातोडा उचलला. रोज दुपारी ठोकत बसायची. मधेमधे तांबं भट्टीत लाल करून मऊ करावं लागतं, नाहीतर ठोक्यांनी थर एकमेकांत अडकतात आणि ते कडक होऊन चिरतं. इथल्या पोराटोरांनाही हे ठाऊक आहे. मी तर फळ्यावर लिहून दिलंय. तरी कडेला बोटभर चीर पाडली, आणि तेव्हापासून लाजेनं दार लावून बसले.

"रमाकांतच्या भट्टीवर का नाही नेलंस?"

"तिथे सगळे असतात. कशी आहेस म्हणून विचारतात."

"मग सांगायचं."

"काय सांगू? तुमच्याशिवाय करमत नाही म्हणून?" मला रडू फुटतं.

"ही कड धर," हे म्हणतात आणि पलीकडची बाजू निखाऱ्यांत धरतात. घंगाळ रुंद होत जातं. मधे नदी येते. हे पलीकडच्या काठावर, लहानसे दिसतात. ऊब मात्र माझ्या बोटांपर्यंत येते.

"पोचली का गं?"

"पोचली. इलेक्ट्रॉनच आणतात ती." रडतानाही मी मास्तरीणच.

"चीर काय, डाख लावून सांधता येते. आधी तापवून घे."

दाराची बेल वाजते आणि जाग येते. पाच वाजलेत. मी घंगाळ बाहेर ओढते. कॉटखाली कधी ऊन येत नाही, फरशी गारठलेली आहे. घंगाळ मात्र कोमट आहे, कडेपासून तळापर्यंत. तांब्यात ऊब एका जागी थांबत नाही.

दारात भाऊजी, हातात गोणपाट. "द्या वहिनी, मोडीत टाकतो."

"मोडीत नाही. तुमची भट्टी पेटलेली आहे ना? मीही येते." मी चपला पायांत सरकवते. "एक कड तुम्ही धरा."