शीलाताईच्या लग्नाला योहानमामांची हरकत

एखाद्या घरात दर बुधवारी बायबल स्टडी भरत असेल आणि त्याच घरात नवी सून चहा करत असेल, तर किस्से तिच्याकडेच साचतात. नव्या सुनेला कुणी मत विचारत नाही. पण ऐकू येतं सगळं! लग्न होऊन मी कामरगावला आले, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत एकच विषय होता : माझी नणंद शीलाताई चर्चमध्ये दुसरं लग्न करू शकते का?

तिचा नवरा विजय तिला सोडून अकोल्यात दुसरीसोबत राहायला लागला. कोर्टात घटस्फोट झाला, त्यानं त्या दुसरीशी लग्नही केलं. आता चर्चमध्ये ढोलकी वाजवणाऱ्या दानिएलनं शीलाताईला मागणी घातली होती आणि ती हो म्हणाली होती. कोर्टातलं प्रकरण संपलं. आमच्या पुढच्या खोलीतलं सुरू झालं.

*

विरोधी पक्ष म्हणजे माझ्या नवऱ्याचे लांबचे मामा, योहानमामा. एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. पहिल्याच बुधवारी मांडीवरचं बायबल थोपटत म्हणाले, "मत्तय एकोणीस! देवानं जोडलं ते मानसानं तोडू नाई. विषय खतम."

आत लसूण सोलणाऱ्या सासूबाई तिथूनच ओरडल्या, "देवानं कुठं जोडलं, योहानदादा? हे सोयरीक तुमच्या मानोऱ्याच्या साळ्यानं आणली होती!"

मामांनी पान उलटलं.

*

पुढच्या बुधवारी पास्टरांनी विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा दाखला काढला. तिचे पाच नवरे होऊन गेले होते, तरी प्रभू तिच्याशी किती मायेनं बोलला! मामांना शंका : पाचही मेले होते की सोडून गेले होते? मेले असले तर दाखला बाद. मग तासभर त्या पाच जणांच्या तब्येतीवर चर्चा.

शेवटी सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "नवऱ्यायचं जाऊ द्या. बिचारीले पाच सासवा होत्या!"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी आपली चहा गाळत राहिले.

*

मग मामांना पौलाचं पत्र सापडलं : बाई नवऱ्यापासून वेगळी झाली, तर तिनं तशीच राहावं, नाहीतर नवऱ्याशी समेट करावा. "करू ना मंग समेट!" म्हणाले, आणि भर स्टडीत विजयला फोन लावला. स्पीकरवर!

"मी तं आजच येतो, मामा," विजय म्हणाला. "पण हिले कुठी ठेवू?"

मामांनी फोनवर हात ठेवून पास्टरांना हळूच विचारलं, "दोघी चालत असतीन का? बायबलात याकोबाले दोन बायका होत्या."

पास्टरांच्या बशीतला चहा सांडला. भिंतीला टेकून बसलेली शीलाताई म्हणाली, "मामा, याकोबानं बायकायसाठी चवदा वर्सं बकऱ्या राखल्या. हा राखते का, विचारा पह्यले!"

पलीकडून फोन कट झाला.

*

पास्टर मऊ माणूस, पण एकदाचे बोलले. मत्तयाच्या त्याच अध्यायात सूट दिलेली आहे, व्यभिचार झाला असेल तर.

'सूट' म्हणताच मामांमधला कंडक्टर जागा झाला. "सवलत हाय का? मंग पास दाखवा! शास्त्रात दोन किंवा तीन साक्षीदार सांगतले."

कोर्टाचा कागद पुढे केला, तर म्हणे, "कोर्ट सरकारचं. इथं चालत नाई."

दानिएल उसळला. "मीच अकोल्याले जाऊन पाहून येतो!"

"तू नवरदेव. तुही साक्ष बाद."

*

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. पहिल्या रविवारी मामा उभे राहिले : "हरकत हाय. साक्षीदार नाई." दुसऱ्या रविवारी तेच! त्या रागात दानिएलनं ढोलकी अशी बडवली, की पश्चात्तापाचं गीत म्हणताना म्हाताऱ्या बाया धापा टाकायला लागल्या.

त्या दिवशी शीलाताई ओट्यापाशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "वहिनी, कोर्टात जाऊन सही तं कोणीबी करते. मले आपल्या लोकायपुढं लगन करायचं हाय."

शनिवारी तिनं अकोल्याला फोन केला. विजयला नाही, विजयच्या बायकोला. मामांच्या फोनच्या वेळी ती बाई त्याच्या शेजारीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, 'आजच येतो'सकट!

*

तिसरा रविवार. पास्टरांनी नावं वाचली, मामा हरकत घ्यायला उठले आणि बाहेर जीप थांबली. आधी ती बाई आत आली, कडेवर पोर. मागून विजय, धरून आणल्यासारखा.

"कोणाले पाह्यजेत साक्षीदार?" ती म्हणाली. "हे एक. मी दोन."

मामांनी सवयीनं माणसं मोजली. "आन हे लेकरू? हे तिसरं का?"

"नाई, मामा. हा पुरावा!"

मामांनी चष्मा पुसला. पोराचं नाक पाहिलं, विजयचं नाक पाहिलं, पुन्हा पोराचं पाहिलं. मग हळूहळू खाली बसले.

पास्टरांनी घसा साफ केला. "शेवटचं विचारतो. कोणाची हरकत?"

पोरानं भोकाड पसरलं. अख्खं चर्च दणाणलं. दानिएलचा हात ढोलकीवर तसाच राहिला. शीलाताईनं माझं मनगट घट्ट धरलं. सगळे मामांकडे पाहायला लागले.

मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "पाच वर्साच्या आतलं हाय, तिकीट नाई. मोजू नका."