मुकादमला पोळ्याचं आवतन

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण रागात चालतं. कडुबा! आमचे हे. मूळचे सोयगावकडचे. रान भावाच्या हवाली केलं, बैल दिले अन् मुकुंदवाडीत येऊन कंपनीत वॉचमन झाले. आता रिटायर हायेत, म्हणजे दिवसभर गल्लीतल्या कुत्र्यांची चाकरी करतात. अन् सगळ्या कुत्र्यांना अहो-जाहो! "अहो, जरा सरका, रिक्षा येतीय." बैलाला अरे-तुरे करायचं नाय, असं ह्यांच्या बापानं शिकवलेलं. बैल गेले, मग ती सगळी अदब कुत्र्यांच्या वाट्याला आली. मला मात्र लग्नापासून "ए"!

ह्या कुत्र्यांत सगळ्यात म्हातारा मुकादम. त्याला पोळ्याच्या तोंडावर एका रिक्षानं उडवलं. ह्यांनी पोत्यात घालून त्याला डॉक्टरकडं नेलं अन् पायाला प्लास्टर घालून सरळ माझ्या स्वयंपाकघरात आणून निजवलं. मला विचारायची सोय नाय. डॉक्टर म्हणले, पाय जुळेल, पण पोटात काही गेलं नाही तर म्हातारं जनावर टिकायचं नाही.

अन् मुकादम जेवंना. दूध-भाकर ठेवली, तोंड फिरवलं. अंडं ठेवलं, डोळे मिटले. शेजारची जहांआरा कुत्र्याला शिवत नाय, पण तिनं कलेजी शिजवून पाठवली. तिचा वास आख्ख्या गल्लीला सुटला, मुकादम मात्र रुसल्या जावयासारखा भिंतीकडं बघत पडलेला. ह्यांचं जेवणबी त्याच्याबरोबर सुटलं. दोन घास खायचे अन् ताट सारायचे. दोघं बी बरगड्या मोजाव्यात असे दिसायला लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हे एकदम कपाळावर हात मारून उठले.

"अगं, आपण त्यांना आवतनच दिलं नाय! बिनबोलावता कसे जेवतील?"

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळतात अन् कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." ह्यांनी तेच केलं. मी म्हणलं, "अहो, तो कुत्रा हाय! जन्मात कधी नांगर ओढलाय का त्यानं?"

"पाहुणा तर हाय ना?" असं म्हणून माझं घरचं लोणी त्या कुत्र्याला चोपडलं. मुकादम शेंडीपासून शेपटीपर्यंत पिवळा. दार उघडंच होतं. बाहेरची कुत्री आत शिरली अन् मुकादमला चाटून पुसून लख्ख करून गेली. तो हूं का चूं करंना.

दुसऱ्या दिवशी मी पुरण घातलं अन् सकाळपासून दारात ही गर्दी! लंगडी, काळी, कान तुटकी, सगळी हजर. आवतन एकाला, पंगत गावाला. जहांआरा गॅलरीतून म्हणते कशी, "क्या आशाबाई, हल्दी लगा के दूल्हा अंदर, अन् बारात बाहर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे आत त्या दूल्ह्यासमोर बसलेले. पाट मांडला, गळ्यात झेंडूची माळ घातली, पुरणपोळीवर तूप वाढलं अन् हात जोडले. "मुकादम, घ्या. सावकाश होऊ द्या." मुकादमनं पोळीकडं बघितलं, ह्यांच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं, अन् घाबरून पार कोपऱ्यात सरकला.

ह्यांचे डोळे भरून आले. "नाय जगायचे हे," म्हणले अन् उठून गेले. मलाबी तुटलं आतून. खोटं कशाला बोलू?

मी मातीच्या बैलांना निवद दाखवायला ताट खाली ठेवलं अन् अगरबत्ती घ्यायला वळले. मागं खुडबुड झाली. बघते तर मुकादम प्लास्टर फरफटत आलेला अन् देवाच्या ताटातली पोळी तोंडात!

"मुडद्या!" मी कडाडले. "हाड्! देवाचं खातोस? तुझ्या तोंडाला काळं लागो!"

मुकादमनं शेपूट हलवली अन् मचामचा खायला लागला.

हे पळत आले. "अगं ओरडू नको, खातायत ते!" मी गप्प झाले. मुकादमबी थांबला अन् संशयानं माझ्याकडं बघायला लागला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बिचाऱ्याला जन्मात कुणी ताट वाढलं नव्हतं. ह्यांची अहो-जाहो आत्ता म्हातारपणी; त्याआधी जन्मभर जो घास मिळाला, तो शिवीसकट मिळाला. हे हात जोडून बसले, त्याला वाटलं काहीतरी काळंबेरं हाय.

"खा, भुताच्या! तुझी तिरडी बांधली!" मी म्हणलं, अन् त्यानं दुसरी पोळी ओढली.

हे तिथंच फतकल मारून बसले अन् हसायला लागले. "बरोबर हाय त्यांचं. मीबी तुझ्या हातचं असंच जेवत आलो की. तू गोड बोलली तर माझाबी घास अडकंल."

मी ह्यांच्यासमोर ताट आदळलं, दोघांच्या पोळीवर तूप वाढलं अन् दोघांत मिळून एकच शिवी घातली. दोघंबी खाली मान घालून जेवायला लागले.