महालक्ष्म्यांपासून संक्रांतीपर्यंत

आमच्या मुलीशी मी खोटं बोललो. तेही तिच्या आईच्या आजारपणाबद्दल.

कुसुमला जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर मी ते खोटं तसंच ठेवलं.

मीनू, आमची एकुलती एक, टांझानियात सर्जन आहे. बायकांची ऑपरेशनं करते. सोबत तिचा रिसर्च चालू आहे. गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बायका हॉस्पिटलात इतक्या उशिरा का येतात? ज्यांना बीपी, शुगर आधीपासून आहे, त्यांचं ऑपरेशननंतर पुढे काय होतं?

मला त्यातलं फारसं कळत नाही. मी शाळेच्या पुस्तकातल्या कवितांवर वाढलेला माणूस. आफ्रिका म्हटलं की मला अजून चौथीच्या पुस्तकातलं झाड आणि त्याखालचा जिराफच दिसतो.

तर, कुसुम जायच्या आधीचा भाद्रपद.

हिंदी मुलखातल्या आमच्या माधवगंजच्या घरी महालक्ष्म्या बसतात. नैवेद्याच्या दिवशी सकाळी कुसुम सोवळ्यात, पुरण गॅसवर. तिने मला खुणेनं मागच्या खोलीत बोलावलं.

"अहो, रक्त जातंय."

पाळी जाऊन तिला बारा वर्षं झाली होती.

"कुणाला सांगू नका हं. कळलं तर मला स्वयंपाकघरातून उठावं लागेल. सोळा भाज्या कोण करणार, तुम्ही?"

आणि हसली.

मी नई सडकवर मेडिकलवाल्याकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पॅड मागितले.

"अंकल, किसके लिए? बड़ा वाला दूँ?"

"बहू के लिए," मी म्हणालो.

आम्हाला सून नाही.

नैवेद्य झाला. सवाष्णी जेवल्या, पुरणाचं कौतुक झालं. दोन दिवसांत रक्त थांबलं. आम्ही म्हटलं, चला, देवीची कृपा.

पंधरा दिवसांनी पुन्हा.

मीनूचा दर रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. "आईची शुगर किती?" मी वहीत बघून खरी सांगायचो. बीपीसुद्धा खरं. बाकी काही नाही.

"तिला कळलं तर हातातलं सगळं टाकून येईल," कुसुम म्हणायची. "तिकडे बायका बसल्यात तिची वाट बघत. दिवाळी होऊ दे, मग जाऊ डॉक्टरकडे."

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. मग भाचीचं लग्न आलं.

प्रत्येक वेळी मी मान हलवली. हे मुद्दाम लिहितोय. ती नको म्हणायची आणि मला बरं वाटायचं, कारण मलाही भीती वाटत होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण देता देता ती भिंतीला टेकून खाली बसली.

हरिशंकरपुरमच्या लेडी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवले. गर्भाशयाचा कॅन्सर. "इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?"

आठ दिवसांत मीनू आली. बॅग अजून खांद्यावरच होती.

"कधीपासून?"

कुसुमने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "महिना झाला असेल."

कुसुम माझ्याकडे बघत राहिली. खरं तिनेही सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

ऑपरेशन झालं, पण दुखणं लिव्हरपर्यंत पोचलं होतं. वैशाखात ती गेली.

त्यानंतर मीनूचा फोन वाजला की वाटायचं, आज विचारेल, आज नक्की विचारेल. इतक्या कविता तोंडपाठ, आणि एक साधं वाक्य जिभेवर येईना.

आज सकाळी मीच व्हिडिओ कॉल लावला. ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होती, डोक्याला हिरवी टोपी.

"मीनू, महिना नव्हता."

"माहीत आहे, बाबा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? इथले नवरे महिनाच सांगतात. म्हणून मी तारीख विचारतच नाही. मका काढायच्या आधी की नंतर, असं विचारते. मग खरं निघतं."



"वर्षभर वाट बघतेय मी, तुम्ही सांगाल म्हणून. आता सांगा. घरात तेव्हा काय चाललं होतं?"

"महालक्ष्म्या."

ती बोटं मोजायला लागली. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. चौथ्या बोटावर थांबली. तिला दोन महिने वाटले असावेत. चार नव्हते वाटले.

"राग आलाय?"

"आलाय."

"दिवाळीला येशील ना?"

"माहीत नाही, बाबा. टेबलवर पेशंट आहे, जाते मी."

दुपारी मेसेज आला. "हे मला एकटीला सांगून भागणार नाही. मावशीला सांगा, काकूला सांगा. सगळ्यांना कळेल असं लिहा."

म्हणून हे लिहिलं.

बायांनो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक थेंब जरी, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. घरात देव बसलेले असोत नाहीतर लग्न असो. आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, बायको नको म्हणाली तर मान हलवू नका. रिक्षा बोलवा.

पोस्ट करण्याआधी मीनूला पाठवलं होतं. मी सगळीकडे "तिला बरं नव्हतं" असं लिहिलं होतं. तिने ते खोडून जागोजागी "रक्त" लिहिलं. खाली एवढंच, "शब्द लिहा, बाबा."

त्यानंतर काही नाही. दिवाळीचं काही नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघतोय.

कुसुम, मीनूला आता सगळं माहीत आहे. ती येईल की नाही, मला खरंच ठाऊक नाही.

तुला माझा नमस्कार.