जमिनीला चिकटलेल्या पिशव्या

बिबा मला जन्मात एकदाच उतला, तोही धाकट्या जावेपायी. मेडशीकडच्या जंगलात आम्ही दोघी बी वेचत होतो. तिनं ओलं फळ दगडावर ठेचलं, चीक माझ्या मनगटावर उडाला आणि कातडं सोलून निघालं. ती रडली. पंधरा दिवस माझ्या वाटणीच्या भाकरी तिनंच थापल्या. तेव्हापासून मी तिला आपली समजायला लागले. बावळट मी.

आमच्या बचत गटाची रोपवाटिका होती आणि गावची बोडकी टेकडी आम्हीच झाडांनी भरायची होती. पावसाचा आता काही नेम नाही. दोन सरी येतात, मग महिनाभर ऊन. म्हणून मी हट्टानं बिबा, चारोळी, मोह, धावडा, टेंभुर्णी, सगळं लावलं. एक वाळलं तर दुसरं तग धरेल. ही झाडं आधी मूळ खाली सोडतात, वर येतात सावकाश. त्यामुळे रोपांच्या पिशव्या पंधरवड्याला उचलून हलवाव्या लागतात, नाहीतर मूळ जमिनीत शिरतं. जावेला हे मीच शिकवलं.

ऐन लागवडीच्या तोंडावर केनवडला माझी आई पडली, मांडीचं हाड मोडलं. दोन महिने तिच्या उशाशी होते. फोनवर मी जावेला विचारायची, "पिशव्या हलवल्या का वं?"

"हलवल्या नं बाई. तुमी आईकडे पाहा."

परत आले तर टेकडीवर नुसती सुबाभूळ. बाहेरून आणलेली, गुडघाभर, हिरवीगार.

जाऊ म्हणाली, "सरकारी पाहनीवाले झाडाची उंची पाह्यतात बाई. तुमच्या रोपाईले वीतभर बी उंची नाई."

"मंग मले सांगितलं काहून नाई?"

"तुमी आईले सोडून पळत आल्या असत्या."

आले असतेच. तेवढं मात्र तिला बरोबर ठाऊक होतं.

म्हटलं, रोपं तर आहेत, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला लावू. चारोळीची पिशवी उचलायला गेले. उचलेना. ओढली, तर मूळ कट्कन तुटलं. दुसरीही तशीच. तिसरीही. जाऊ मागेच उभी होती. एकदाही हलवल्या नव्हत्या तिनं.

बाकीच्या पिशव्यांना मी हात लावला नाही. ती रांग वर्षानुवर्षं तिथंच वाढली. मोहाची सावली आता दोघींना पुरेल एवढी झाली आहे. जाऊ तिथं बसून सुबाभळीच्या पिशव्या भरते. मी उन्हात बसते.