दुकान वाढवा

अंबादासची नोकरी गेली ती तोंडामुळं. निजामाचं राज्य संपलं, धाराशिवच्या कचेरीत नवे साहेब आले, आणि या गृहस्थानं त्यातल्या एकाला चारचौघांत सांगितलं, तुमचा पिकाचा अंदाजच चुकलाय. अंदाज चुकला होता हे पुढं दिसलंही, पण तोवर अंबादासला कपातीत घरी बसवलं होतं. खरं बोलणाऱ्याला लोक मान देतात, पगार देत नाहीत. मग तुळजापुरात थोरल्या भावाच्या ताटाखालचं मांजर होऊन त्यानं दिवस काढले. बायको वनमाला जावेच्या हाताखाली राबायची आणि सगळ्यांच्या मागून जेवायची.

अशात वीरप्पाचं बोलावणं आलं. वीरप्पाची धाराशिवात शेंगदाणा तेलाची गिरणी होती, वडलांनी उभी केलेली. हिशेब लिहायला मुनीम होताच. त्याला हवा होता तो हिशेब वाचून धंद्याचं पुढं काय होणार ते सांगणारा माणूस. असल्या कामाला कोणी पगारी माणूस ठेवतं का? वीरप्पानं विकतचं श्राद्ध घेतलं, असं बाजारात लोक म्हणाले. पण कचेरीतला किस्सा वीरप्पाच्या कानावर होता, आणि त्याला तेवढी शिफारस पुरे होती.

"मला व्हय म्हणणारे लई हायत," तो म्हणाला. "तुम्ही न्हाय म्हणायला या."

अंबादासनं धाराशिवात खोली घेतली. स्वतःच्या चुलीवर पहिली भाकरी टाकताना वनमाला रडली.

सुगीभर तो तेर-बेंबळीकडं हिंडला. शेतकऱ्यांशी बोलला, गाडीवानांशी बोलला. शेंग आता खळ्यावरूनच बार्शीकडं जात होती. तिकडच्या मोठ्या गिरण्या भाव चढा द्यायच्या आणि तेल स्वस्त विकायच्या. वीरप्पाची गिरणी बसणार यात शंका नव्हती. आत्ताच विकली तर घर आणि अब्रू वाचली असती. वीरप्पा मात्र बायकोचे दागिने मोडून दुसरं यंत्र आणायच्या विचारात होता.

सांगायची वेळ आली ती नेमकी शुक्रवारी, दिवेलागणीला. वीरप्पाची बायको जगदेवी लक्ष्मीपुढं दिवा लावून हात जोडून उभी होती. तिच्यासमोर 'बंद करा' म्हणायचं कसं? आपल्याकडं बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान असो की गिरणी, धंद्याचंही तेच. साहेबाला तोंडावर चूक म्हणणाऱ्या अंबादासची जीभ इथं रेटेना.

"मालक, दुकान वाढवा," तो म्हणाला. "उशीर करू नका."

वीरप्पाला ही बोली ठाऊक नव्हती असं नाही. पण माणसाला हवं तेच ऐकू येतं. त्याचा चेहरा फुलला.

दुसऱ्या दिवशी सोलापूरचा यंत्राचा दलाल येऊन बसला. "अंबादासराव म्हणतात वाढवा," वीरप्पानं त्याला सांगितलं आणि अंबादासकडं बघत थांबला. तेव्हा कुठं अंबादासच्या ध्यानात घोटाळा आला. एक वाक्य बोलायचं होतं. पण गिरणी बंद म्हणजे आपली नोकरी बंद, पुन्हा भावाचं दार, पुन्हा वनमालाचं मागून जेवण. त्यानं मान खाली घातली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. जगदेवीच्या पाटल्या सोनाराकडं गेल्या तरी त्याचा तो उद्या उजाडला नाही. भित्रेपणा होता हा, दुसरं काही नाही.

नवं यंत्र पुरता हंगामही चाललं नाही. गिरणीचा लिलाव झाला, पाठोपाठ घर गेलं, आणि वीरप्पा दुसऱ्याच्या अडतीवर पोती तोलू लागला. शेवटी अंबादास अडतीवर गेला, वीरप्पाशेजारी पोत्यावर बसला आणि आपण काय सांगितलं होतं आणि नंतर का गप्प राहिलो, ते सगळं बोलून मोकळा झाला.

वीरप्पानं तराजू खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"जगदेवीला तवाच कळलं हुतं," तो म्हणाला. "दलाल यायच्या आधी म्हणाली, त्यांनी बंद करा सांगितलंय. मला काय पटंना. म्हणून तर मुद्दाम तुमच्यादेखत बोललो, आन् तुमच्याकडं बघितलं. वाटलं, तसं असंल तर हा माणूस गप बसायचा न्हाय. तुम्ही मान खाली घातली. मला वाटलं, व्हय म्हणालात."